आमशाची रेषा

१६ डिसेंबर

लिहायचं टाळत होतो. पाच दिवस! वही पिशवीत, आणि मी सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघत. एक पांढरा तर — जाऊ दे. माझं हे असंच होतं.

आशाताई डोंगरातल्या पाड्यांवर पोरांची वजनं घेते. माझा प्रोग्राम टॅबलेटवर प्रत्येक पोराच्या वजनाची रेषा काढतो. अकरा तारखेला तिचा फोन — "जुबेर, पोरगं बदललं तरी रेष तीच दखाई ऱ्हायनी रे." म्हटलं, टॅबलेट बंद करून चालू कर. आणि जत्रेला गेलो.

१७ डिसेंबर

सापडलं. दहा मिनिटांत!! नाव बदललं की रेषा नव्याने काढ — प्रोग्राममधली ही ओळ मीच उडवली होती. लॅपटॉपवर चित्र लुकलुकायचं, म्हणून. लॅपटॉप तरीही आपणहून नवी रेषा काढायचा. टॅबलेट काढत नाही. तिथे मी बघितलंच नव्हतं.

ताईला सांगायची हिंमत नाही.

१८ डिसेंबर

सांगितलं.

तिने सगळी नावं परत उघडली. वजनं खरी, रेषा खोट्या. बाकी पोरं ठीक. एक आमशा, दीड वर्षाचा — त्याच्या नावाखाली आधीच्या गुटगुटीत पोराची रेषा राहिलेली. त्याची स्वतःची दोन महिने खालीच चाललीय. तेरा तारखेला ताई त्याच्या आजीला, कमलीबाईला, म्हणाली होती, "चांगला वाढतोय, जा खुशाल." सगळं घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं. फोन बंद.

तेरा तारीख! तिच्या फोननंतर दोन दिवस होते माझ्याकडे.

"तू म्हणालास बंद-चालू कर, मी केलं, म्हटलं झालं बरं. तुन्हं ध्यान कोठे व्हतं?"

घोड्यांत. उद्या नाक्यावर जाऊन शोधतो त्यांना.

१९ डिसेंबर

अक्कलकुव्याच्या नाक्यावर दिवसभर ट्रकवाल्यांना विचारलं, कमलीबाईची ऊसतोडीची टोळी कुठे उतरवली. कुणी म्हणे व्यारा, कुणी बारडोली. चहालाही थांबलो नाही.

२० डिसेंबर

ताईच्या खोलीत बसून टॅबलेट दुरुस्त करतोय, तर दारात कमलीबाई! आमशा कडेवर. टोळी सोडून एकटीच आली बारडोलीहून. त्याच्या कमरेचा काळा करदोडा ओढून दाखवला — "दिवाळीला बांधला तेव्हा घट्ट होता. आता दोन बोटं जातात. दोरा खोटा का तुमची पाटी?"

ताई माझ्याकडे बघतेय. वही ठेवतो. सांगायचं मीच.