समुद्रात तसं विशेष काही नाही

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून, नमस्कार. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुझा ऑपरेशनचा डोळा कसा आहे, बिनऑपरेशनचा कसा आहे, आणि दोन्ही मिळून माझ्यावर वटारलेले आहेत ते खाली कधी येणार, हे कळव. हे पत्र तुला सूनबाई वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा सूनबाई, तुलाही आशीर्वाद. तुझ्यासाठी एकच नियम. कंसाबाहेरचं मोठ्याने वाचायचं आणि कंसातलं मनात. (कळलं ना? आता अक्काच्या तोंडाकडे बघ. ओठ आवळलेत? असू देत, पुढे वाच.)

चार महिन्यांत मी सात वेळा फोन केला. सातही वेळा तू अंघोळीला गेली होतीस. सकाळी आठला अंघोळ, दुपारी तीनला अंघोळ, संध्याकाळी चहाच्या वेळेला अंघोळ. एवढ्या अंघोळींनी तुझी कातडी झिजली कशी नाही, याची मला काळजी लागून राहिली आहे. सातव्या वेळी तर तू मागून स्वतःच ओरडलीस, "सांग तिला, मी अंघोळीला गेलेय!" आणि सूनबाईने इमानेइतबारे ते मला सांगितलं. इतकं बरं वाटलं अक्का! चार महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. फोन ठेवून मी दोन वेळा हसले आणि एकदा नाक पुसलं.

राग कसला ते मी विसरलेले नाही. तू अकरा वर्षांची आणि मी आठ. पिठाच्या गिरणीत डबा घेऊन आपण रांगेत उभ्या राहायचो आणि समोरच्या भिंतीवर ते समुद्राचं कॅलेंडर. गिरणीवाल्याने तीन वर्षं बदललं नव्हतं, त्यावर पिठाचा असा थर बसलेला की समुद्रावर धुकं पडलंय असं वाटायचं. तू म्हणालीस, "धाकटे, आपण जाऊ. दोघीच. हात धरून, एक-दोन-तीन म्हणून एकदम पाय घालू. एकटीने घातला तर बघ!" मी डब्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग लग्नं झाली, पोरं झाली, त्यांची दुखणी, नवऱ्यांची दुखणी, मग नवरेच गेले, मग आपली दुखणी. साठ वर्षं आपण एकमेकींना म्हणत आलो, पुढच्या वर्षी नक्की. आणि शेवटी लेकीचे दिवस महिनाभर आधीच भरले, जावईबापूंनी घाईघाईने तिकीट पाठवलं ते एकच, आणि तू नेमकी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात. "जा" म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. तुझं 'जा' मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा अर्थ 'जाऊन तर दाखव' असा असतो.

तर मी येऊन दाखवलं. आणि तुझ्या समाधानासाठी पहिल्यांदा हेच लिहिते की समुद्रात तसं विशेष काही नाही. नुसतं पाणी आहे. बरंचसं आहे, एवढंच. सकाळी ते दुधाळ हिरवं असतं, ऊन चढलं की निळं होतं, संध्याकाळी त्यावर कोणी तांब्याचा पातळ पत्रा अंथरल्यासारखं दिसतं आणि मी जेवायला उठायचं विसरते, पण ते सोडलं तर काही नाही. आवाज मात्र सारखा करतं. आपल्या मोठ्या मामीसारखं, कोणी ऐकत असो नसो.

लेकीचं घर म्हणजे जाळी विणणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जावईबापू बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, त्यामुळे घरातल्या सगळ्या दारांच्या मुठी काळ्या आणि सगळे टॉवेल काळे. नातू चार महिन्यांचा, गोरा आला होता, आता त्याच्यावरही कुठेकुठे ग्रीस आहे. तो सकाळी दूध पिऊन झोपला की लेक मला घराबाहेर काढते. म्हणते, "आई, तू इथे बसून भांडी दुसऱ्यांदा घासतेस, त्यापेक्षा किनाऱ्यावर जा." मी गेले. आणि अक्का, तिथे वाळूत शिंपले पडलेले असतात. फुकट. असेच. कोणी राखण करत नाही.

पहिल्या दिवशी मी पदर भरून आणले. त्यातल्या निम्म्यांना पाय होते. घरात सोडल्यावर ते चालू लागले. एक शंख जावईबापूंच्या बुटात जाऊन बसला आणि सकाळी त्याने स्वतःची ओळख करून दिली. जावईबापू एका पायावर जिन्यापर्यंत गेले, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. (सूनबाई, असा जावई मिळायला भाग्य लागतं. तुझ्या नवऱ्याला हे ऐकव, अक्काला नको.) मी ते सगळे पायवाले परत किनाऱ्यावर नेत होते, तेव्हा तिथले म्हातारे पोस्टमास्तर भेटले. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, आता रोज ओहोटीला पिशवी आणि काठी घेऊन शिंपले वेचतात. मला म्हणाले, "बाई, चोरीचा माल परत करताय वाटतं?"

मी म्हटलं, "चोरी कसली? पडलेलं होतं."

"राहतं घर होतं ते. आत माणूस आहे का बघितल्याशिवाय घर उचलायचं नसतं."

त्या दिवसापासून त्यांनी मला कायदे शिकवले. पाणी उतरायला लागलं की निघायचं, चढायला लागलं की मागे फिरायचं. पाण्याने वर सोडलेली काड्याकचऱ्याची रेघ असते, तिच्या कडेकडेने चालायचं, चांगला माल तिथे असतो. दगड उलटला तर बघून झाल्यावर होता तसा परत ठेवायचा, कारण तो कोणाचं तरी छप्पर आहे. आणि ज्याला आधी दिसेल त्याचा शिंपला, मग दुसरा कितीही जवळ असो. या शेवटच्या कायद्यावरून आमची रोज भांडणं होतात. त्यांची नजर लांबची चांगली, माझी जवळची. त्यामुळे सगळं त्यांना आधी दिसतं आणि उचलायला मी वाकलेली असते.

या सगळ्यात मी पाण्याला शिवले नाही. शपथ म्हणजे शपथ. लाट आली की मी साडी धरून मागे पळायची, गेली की पुढे. कोळणी मला बघून हसायच्या. एकीने विचारलंही, "आजी, पाण्याची एवढी भीती?" मी म्हटलं, "भीती नाही ग, बहीण यायची आहे." (इथे जरा थांब, सूनबाई. तिला पाणी हवं का विचार. प्यायचं.)

आता मुख्य प्रकार सांगते. तुझ्या रागावर उतारा म्हणून मी तुला एक कवडी पाठवायचं ठरवलं होतं. साधी नव्हे. मुठीएवढी, तपकिरी ठिपक्यांची, आणि आत्ताच कोणी तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत. पोस्टमास्तरांना ती आधी दिसली होती, म्हणजे त्यांची. बारा वर्षांत एवढी मोठी कधी मिळाली नव्हती म्हणाले. मी काही मागितली नाही. फक्त गिरणीचं, कॅलेंडरचं, तुझ्या पट्टीचं आणि सात अंघोळींचं सांगितलं. ते बराच वेळ ती कवडी अंगठ्याने पुसत राहिले, मग माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "अक्कांना म्हणावं, पोस्टाचा माणूस आहे, पोचवल्याशिवाय राहवत नाही."

घरी आणली. चकचकीत होती, पण खालच्या फटीत जरा हिरवट मळ होता. आणि तुला ठाऊक आहे, मळ दिसला की माझा हात थांबत नाही. आपली आई तांब्याची भांडी कशी घासायची? लिंबू आणि मीठ. मी सहा लिंबं पिळली, चांगलं मीठ घातलं आणि कवडी त्यात बुडवून ठेवली. लगेच बुडबुडे यायला लागले. मी इतकी खूश! म्हटलं, बघा, कसा मळ सुटतोय. नातवालाही उचलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढली तर अक्का, ठिपके गेलेले, तेलासारखी चमक गेलेली, आणि हातात एक पांढरा, खरखरीत, उदास गोळा. पाटीवर लिहायच्या खडूसारखा. बोट लावलं की पीठ निघत होतं.

पोस्टमास्तरांना दाखवायचं टाळून टाळून किती टाळणार? त्यांनी बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "बाई, शिंपला म्हणजे चुना. चुन्याला कोणी लिंबू पाजतं का?"

"तांब्याला चालतं," मी म्हटलं.

"तांबं समुद्रात सापडलं तर जरूर पाजा."

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. चुन्याचा धडा तिसरीत असणार. पण पोस्टमास्तर रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. तशीच कवडी शोधायची आणि तुला पाठवायची. अकरा दिवस रोज ओहोटीला जात होते. माझी लांबची नजर अधू असल्यामुळे मी आठ दगड, दोन बाटल्या आणि एक खेळण्यातलं चाक यांच्यामागे धावले. बाराव्या दिवशी मात्र दिसली. अगदी कडेला, ओल्या वाळूत, मुठीएवढी, तपकिरी, ठिपक्यांची. मागून पोस्टमास्तर ओरडले, "बाई, पाणी चढतंय!" पण मला वाटलं, हे आधी दिसल्याचा हक्क सांगताहेत. मी धावले. सत्तरीला दोन वर्षं कमी आहेत, पण धावले. वाकले, मुठीत धरली, आणि लाट आली.

कवडी नव्हती. बटाटा होता. कुठल्या तरी बोटीवरून पडलेला, एका बाजूने सडका.

म्हणजे साठ वर्षांची शपथ मी बटाट्यापायी मोडली, हे तुला कळवण्यासाठी हे पत्र. तरीही नीट विचार कर. एक तर पाय डावा होता, उजवा कोरडा. दुसरं, पायात चप्पल होती, म्हणजे पाणी लागलं ते चपलेला. तिसरं, मी पाण्यात गेले नाही, पाणी माझ्याकडे आलं. कोणी आपल्या दारात येऊन शिंतोडे उडवले तर आपण काय करणार? शपथ घेताना तू 'पाय घातला तर' म्हणाली होतीस, 'पाय भिजला तर' नव्हतीस म्हणाली. मला लख्ख आठवतं. बाकी सर्व क्षेम. नातू तुझ्यासारखा कपाळाला आठी घालून झोपतो. थोरांना नमस्कार, लहानांचे गालगुच्चे.

तुझीच, जी कुठे गेली तरी धाकटीच,
धाकटी

ता. क. डोळ्याच्या डॉक्टरांनी तुला प्रवासाला मोकळीक दिली हे सूनबाईने मला कळवलंय. (रागावू नकोस, सूनबाई, कधीतरी फुटणारच होतं.) लेकीने तुझं तिकीट काढून पाठवलं आहे, ते याच पाकिटात आहे. शेवटी खाडी बोटीने ओलांडावी लागते, त्या बोटीत बसताना हात द्यायला जावईबापू स्वतः पलीकडच्या काठावर येतील. मी इथे अजून दोनच महिने आहे. मी परत गेले की मग आपल्या दोघींना इथे पुन्हा कोण आणतंय? पुढच्या वर्षी नक्की, असं आता मला म्हणवत नाही अक्का.

दुसरा ता. क. डाव्या पायाचं वर लिहिलं ते खरं नाही. पहिल्या लाटेने मला खाली बसवलं ही माझी चूक नाही. पण दुसरी, तिसरी आणि चौथी या माझ्याच. मी उठले नाही. कमरेपर्यंत पाण्यात, बटाटा हातात धरून, बसून राहिले आणि हसत राहिले. पाणी कोमट असतं अक्का! कॅलेंडरवरून कधी वाटलं नव्हतं. पाणी मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं, आपणच कुठे निघाल्यासारखं वाटतं, आणि मी दचकून तुझा हात धरायला बाजूला हात केला. तिथे पाणीच होतं. पोस्टमास्तरांनी ओढून काढलं तेव्हा त्यांना वाटलं मी रडतेय. मी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. पण एक-दोन-तीन मी म्हटलेलं नाही. शपथेतलं तेवढं अजून शाबूत आहे, आणि ते एकटीने म्हणता येत नाही, मी म्हणायला जाऊन बघितलं.

तिसरा ता. क. (सूनबाई, हे सगळंच मनात वाच. आता तिकीट तिच्या मांडीवर ठेव आणि चहा टाकायला म्हणून आत जा. ती ओरडेल, "मी मुळीच जाणार नाही!" बसल्या जागेवरून ओरडली तर मला फोन कर. उठून, कपाट उघडता उघडता ओरडली तर फोनचं राहू दे, माळ्यावरची बॅग खाली काढ.)