पिहूच्या पाण्यातलं विसण

४ ऑगस्ट, सोमवार
नात आली तवापासून घर भरल्यावानी वाटते. पिहू दोन वर्साची, पण मले "शांते" म्हणून हाक मारते. तिच्या आबाचं ऐकून शिकली. मोठं गोड वाटते. वनिता, माही लेक, पुण्याले नोकरीवर, मोठ्या विश्वासानं पिहू माह्यापाशी ठेवली तिनं. पण पोट्टीले पुन्हा ढाळ लागले. औषध संपलं की चालू. दुपटे धुऊ धुऊ हात आंबले. कंबर तर धरूनच बसली.

७ ऑगस्ट, गुरुवार
पिहूले जीपनं धाड गावच्या दवाखान्यात नेली. डाक्टरनं शी तपासली. म्हणे, "आजी, पुन्हा तोच जंतू. जिआर्डिया. पाण्यातून पोटात जाते. पाणी उकळून देता ना?" म्हणलं, "खळखळा उकळतो साहेब." पुन्हा औषध देलं. येतानी पिहूनं जीपमध्ये एका बाईचं लुगडं शीनं भरवलं. बाई चांगली, बांगड्या विकणारी. "लेकरूच हाये" म्हणे, अन् वरून दोन हिरव्या बांगड्या घातल्या पिहूले. त्याही ढिल्या. हात कुठी राह्यले तिचे.

१० ऑगस्ट, रवि.
वनिताचा फोन. "माय, मी शनवारी येतो, तिले घेऊन जातो. पाळणाघर पाह्यलं." म्हणलं, नेजो बाई. मंग तिच्या दुपट्यायच्या घड्या करत बसली.

१२ ऑगस्ट, मंगळ.
पिहूचं पाणी उकळलं, पातेलं उतरवलं, रांजणातलं तांब्याभर थंडं पाणी त्याच्यात ओतलं. रोजच्यासारखं. बुढा, पिहूचा आबा, पाहून राह्यला होता.
"काऊन वं, आंघोळ घालतं काय तिले?"
"विसण घातलं. तोंड भाजीन ना लेकराचं."
"अन् तांब्यातला जंतू कोण भाजीन?"
तांब्या खाली ठेवला. गरम पाण्यात विसण घालाचं, जल्माची सवय. उकळा म्हणले, उकळलं. मीच पाजून राह्यली होती, मायेनं.

१३ ऑगस्ट
वनिताले सांगतलं. मंग म्हणे, "येतो तं खरी. पाहू." आता पाणी झाकून ठेवतो, आपोआप निवू देतो. पिहू पाण्यासाठी रडते, पातेल्याले हात लावून पाहते. मीही तिच्यासंग बसतो.

१५ ऑगस्ट, शुक्र.
सकाळी पिहूले शी घट्ट झाली. बुढ्याले हाक मारून दाखवली. तो म्हणे, "शांते, आता झेंडा लाव तिथं." हासू हासू पोट दुखलं. दुपारी पुन्हा थोडी पातळ.
लय थकली मी.
बांगड्या अजून कोपरापर्यंत सरकतात. उद्या वनिता येते. तिची नजर आधी हातावरच जाईन.