स्वल्पविरामांचा वधू-वर मेळावा

१२ जानेवारी १९९७, रविवार
बसवनगुडीत आमच्या मराठी संघाची सभा. ९ फेब्रुवारीला वधू-वर मेळावा ठरला. मी उभा राहून म्हणालो, यंदा जोड्या कंप्युटर जुळवेल. सभा एकदम शांत. (आदराने.) अध्यक्ष नरसिंहरावांनी तिथल्या तिथे मला वधू-वर समितीचा चिटणीस केलं. माझा कंप्युटर कोर्स झालेला आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. चौथ्या आठवड्यात सोडला, हे सांगायची गरज नव्हती. शिकण्यासारखं तोवर संपलं होतं.
मुख्य संकल्प: शिल्पासाठी सर्वोत्तम स्थळ. बहीण सत्तावीसची झाली. आईची झोप उडाली आहे. तिच्या ऑफिसातल्या ओळखीची दोन स्थळं मी मागेच उडवून लावली. ओळखीवर लग्नं होत नसतात. पद्धत लागते.

१४ जानेवारी, संक्रांत
उमेदवारांच्या नोंदींची फ्लॉपी मिळाली. जुन्या चिटणिसांच्या जुन्या प्रोग्राममधून माहिती एकाच प्रकारे बाहेर निघते: नाव, स्वल्पविराम, वय, स्वल्पविराम, पत्ता, अशी लांबच लांब ओळ. नरसिंहरावांना फोनवर समजावलं की सगळा खेळ स्वल्पविरामाचा आहे. ते म्हणाले, "सरी, बरं, मग स्वल्प विराम घ्या, घाई नाही."
घरच्या कंप्युटरवर एक्सेलमध्ये उघडली. (कंप्युटर शिल्पाने घेतलेला, पण तसा कुटुंबाचाच.) क्षणात रकाने तयार. डोळे भरून आले.
तिळगूळ खाऊन पुन्हा पाहिलं. बऱ्याच मुलांचं शिक्षण 'फोर्थ क्रॉस' आणि नोकरी 'बनशंकरी'. आपल्या लोकांना फॉर्म नीट भरता येत नाही.
शिल्पा मागे उभी. म्हणाली, अण्णा, पत्त्यातही स्वल्पविराम आहेत. एक्सेलला वाटतं तिथे नवा रकाना. पत्त्याला अवतरणचिन्हं हवीत. मी करून देऊ? मी म्हणालो, नको. तू उमेदवार आहेस. उमेदवाराने पेपर तपासायचा नसतो. प्रोग्राम लिहिणं वेगळं आणि दृष्टी असणं वेगळं.
जाता जाता तिने विचारलं, यादीत कुणी दामोदर आहे का? म्हटलं, गोपनीय.

१६ जानेवारी
तोडगा सापडला. दोष स्वल्पविरामांचा, तर स्वल्पविरामच काढून टाकायचे. फाइल वर्डमध्ये उघडली, एका हुकमात सगळे साफ. सेव्ह. फ्लॉपीवरही तीच.
एक्सेलमध्ये आता एकच रकाना. प्रत्येक माणूस सलग, वयापासून नक्षत्रापर्यंत. साधं, सुटसुटीत.
हेमावती म्हणाली, अहो, यातून वय कसं शोधायचं? बायकोला सगळं समजावत बसलं तर कामं होत नाहीत.

१७ जानेवारी
वय शोधता येत नाही.
शिल्पाने मूळ फाइलची कॉपी आधीच करून ठेवली होती म्हणे. न विचारता. रागावलो. मग कॉपी घेतली.

२० जानेवारी
शोध! उंचीच्या रकान्यात तारखा आल्या आहेत. शिल्पासमोर ३ मे. नरसिंहरावांच्या मुलीसमोर, नयनासमोर, ४ मे. कंप्युटरने जन्मवेळ वगैरे पाहून आपणहून मुहूर्त काढले! कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं. बहुधा पाचव्या आठवड्यात होतं.
मे महिन्यात लग्नांची बरीच गर्दी दिसते. जूनमध्ये दोनच, दोघेही चांगले उंच गृहस्थ. एका बिचाऱ्याला मुहूर्तच नाही, नुसतं ५-०.
नरसिंहरावांना लगेच फोन. ते गहिवरले.

२२ जानेवारी
नरसिंहरावांनी ४ मेसाठी जे. पी. नगरचा हॉल बुक केला. नयनाला अजून मुलगा मिळालेला नाही, पण तारीख नक्की असली की बाकीचं होतं.
शिल्पाला सांगितलं. तिने उंचीचा रकाना उघडून पाहिला. मग म्हणाली, "अण्णा, माझी उंची किती?" पाच फूट तीन. "पाच-तीन लिहिलं की एक्सेल त्याला तारीख समजतं. पाचवा महिना, तिसरा दिवस."
मी म्हणालो, बरोबर, मलाही तसा संशय होता.
हॉलचं नरसिंहरावांना इतक्यात सांगत नाही. मनुष्य आनंदात आहे.

२६ जानेवारी, रविवार
सुट्टीचा सदुपयोग. नोकरीच्या रकान्यात 'इंजिनियर' अशी चाळणी लावली. ज्यांचे पत्ते सरळसोट, तेवढेच टिकले. मग चाळणी उचलून नावांचा रकाना निवडून बाराखडीप्रमाणे लावला, आणि चाळणी पुन्हा लावली. आता यादी यादीसारखी दिसते.
शिल्पाच्या वयाला जुळणारं पहिलं नाव: फत्तेसिंग. वय २९, इंजिनियर. अंगावर काटा आला.
दामोदर नावाचा एक होता, पण चाळणीत गळाला. नोकरी: 'बनशंकरी'. असल्या माणसाला बहीण द्यायची?
शिल्पाने पुन्हा विचारलं. म्हणालो, गाळला. ती म्हणाली, बघ परत. हट्टी आहे. आईवर गेली.

२९ जानेवारी
फत्तेसिंगांच्या नावापुढचा फोन लावला तर भलत्याच बाई बोलल्या. नंबर नरसिंहरावांकडून घेतला. ते दोनदा म्हणाले, फत्तेसिंग? नक्की? मी म्हणालो, कंप्युटर सांगतोय.
रविवारी येतो म्हणाले फत्तेसिंग. आवाज भारदस्त. एकोणतीसच्या मानाने फारच.

२ फेब्रुवारी, रविवार
फत्तेसिंग आले. हातात मल्लिगेचा (मोगऱ्याचा) गजरा, अंगात सफारी. वय साठीला टेकलेलं. जंगल खात्यातून निवृत्त, विधुर, नातू शाळेत. स्वतःसाठीच नाव नोंदवलं आहे, पण ज्यांना सोबत हवी अशा प्रौढ बाई शोधताहेत.
शिल्पा ट्रे घेऊन आली आणि तशीच परत गेली. आतून हसण्याचा आवाज. हेमावतीचाही.
आई मात्र त्यांच्याशी तासभर बोलली. तिचं माहेरचं नाव तुंगाबाई, त्यावरून ते तुंगभद्रेकाठच्या जंगलांविषयी सांगत होते. जाताना म्हणाले, "चिटणीससाहेब, मुलगी लेकीसारखी आहे. तुमच्या यंत्राला चष्मा लावा." माणूस उत्तम. थोडा वयाचा फरक, एवढंच.
शिल्पाने सांगितलं: मी नुसती नावं हलवली, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. म्हणजे प्रत्येकाचं नाव दुसऱ्याच्याच वयावर, नोकरीवर आणि फोनवर बसलं आहे. मी म्हणालो, टेस्टिंग चालू आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
उद्या मेळावा. फाइल जैसे थे. नरसिंहरावांना सांगून टाकावं असं वाटलं. त्याऐवजी केस कापायला गेलो.
परत आलो तर फाइल आपोआप बरोबर झाली होती! पत्ते पत्त्यात, उंची उंचीत, फत्तेसिंग एकोणसाठ. यंत्राला थोडी विश्रांती दिली की ते ताळ्यावर येतं, हा धडा.
शिल्पा खुर्चीवर पेंगत होती. तिला इतकं काय काम असतं कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
विजय! मेळावा अप्रतिम. नव्या यादीत नयनाची उंची पाहून नरसिंहरावांनी हॉलची तारीख ऑक्टोबरवर ढकलली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मोठ्या कामात असं होतं.
शिल्पासाठी आता पहिलं नाव: दामोदर. वय ३०, इंजिनियर, राहणार बनशंकरी. मीच हाक मारून बोलावलं. नोकरी शिल्पाच्याच कंपनीत, त्याच मजल्यावर! केवढा योगायोग. दोघं इतकी संकोचली की एकमेकांकडे बघेनात.
कॉफी आली तेव्हा त्याने न विचारता आईचा कप बिनसाखरेचा घेऊन दिला. संस्कार. जुळवणी इतकी अचूक असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

२ मार्च, रविवार
साखरपुडा. भाषण तयार होतं: 'यंत्र आणि योग'. उभा राहिलो, घसा साफ केला. तेवढ्यात दामोदरची आई माझ्या आईला म्हणाली, अक्का, उगादीला, पाडव्याला, येते तेव्हा शिल्पा पुरणाचे होळिगे लाटते ना, तसे आमच्याकडे कुणाला जमत नाहीत. यंदा तिसरी उगादी.
आई म्हणाली, हो, मला माहीत आहे. हेमावतीही मान हलवत होती.
भाषण खिशात.
नंतर शिल्पाला बाजूला घेतलं. का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तू ऑफिसातली स्थळं ऐकूनच घेत नव्हतास. कंप्युटरने सांगितलं तर ऐकशील, म्हणून त्याला संघात नाव घालायला लावलं. पण अण्णा, तुझा कंप्युटर त्याला गाळतच सुटला. शेवटी मलाच बसावं लागलं."
मी म्हणालो, मी नाही म्हणालो नसतो. तिने माझा फेटा सरळ केला आणि आत गेली.

९ मार्च, रविवार
संघाची सभा. वधू-वर समितीवर शिल्पाची एकमताने नेमणूक. माझ्याकडे खुर्च्या. जबाबदारीचं काम आहे. खुर्च्या कमी पडल्या की सगळे बोलतात.
साखरपुड्याचे फोटो आले. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, सार, डावीकडे, आणखी डावीकडे. मी सहकार्य केलं. दोन्ही घरची माणसं एकत्र असलेल्या मोठ्या फोटोत सगळे आहेत, फत्तेसिंगसुद्धा. माझं फक्त कोपर आहे.
पण स्पष्ट आलंय.