तुंबलेला राग

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे त्या सुयावाल्या बाईंकडे जाऊन आले. फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा पलंगावरून कान लावून असतात आणि मग मला काय झालंय ते दिवसभर मलाच विचारत बसतात.

दवाखाना कुलपांच्या दुकानावर आहे. बाईंनी आधी जीभ बाहेर काढायला लावली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसल्या. म्हणाल्या, चिनी वैद्यकात याला यकृताची ऊर्जा तुंबणं म्हणतात. राग गिळत राहिलं की असं होतं. मी म्हटलं, मला राग येतच नाही, मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असूनही मला रडू येतं आणि छातीत धडधडतं. त्यावर त्या नुसत्या हसल्या. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मग भुवयांच्या मधोमध, अंगठ्याच्या बेचक्यात, पावलांवर सुया टोचल्या. दुखलं नाही, पण बरंही वाटलं नाही. नाटक कंपनीत राजा-राण्यांचे कपडे शिवण्यात जन्म गेला, आता मीच टाचण्यांची गादी झाले!

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही. डाव्या हाताने मात्र पेला आपटून मला बोलवायला छान जमतं.

मुलांना गोड पापा. माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी,
मुंगी


२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

एकदा जाऊन कोणाला बरं वाटलंय? शाळेत मुलं एकदा पाढा म्हणतात आणि येत नाही म्हणून हात वर करतात, त्यातली गत. नेमाने जा. आमच्या चित्रकलेच्या बाईंच्या गोळ्या सुयांनी सुटल्या म्हणे. तूही हळूहळू सोडून बघ, जन्मभर का गोळ्या गिळायच्या आहेत?

शिवाय पहाटे उठून चालायला जात जा. बाबांचं जेवण, औषधं, व्यायाम यांचं वेळापत्रक करून पाठवते आहे, ते भिंतीवर लाव. तू सगळं डोक्यात ठेवतेस आणि मग डोकं फुटायची वेळ येते. इथे परीक्षा तोंडावर आहेत, दोन शिक्षिका रजेवर, तरी तुझ्यासाठी हे करत बसले.

बाबांना नमस्कार सांग. तब्येतीला जप, आणि माझं ऐकत जा.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. गोळ्या सोडल्या. चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानात बाबांची औषधं घेताना हातपाय गार पडले, श्वास घेता येईना. दुकानदाराने खुर्ची दिली. मला वाटलं, संपलं सगळं.

सुयावाल्या बाईंना सांगितलं तर त्या भडकल्याच. म्हणाल्या, सुया गोळ्यांच्या जोडीला आहेत, गोळ्यांच्या जागी नाहीत. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटून या, त्याशिवाय मी हात लावणार नाही. तिथे जाऊन आले. गोळ्या परत सुरू आहेत. त्या सोडवायच्या तर डॉक्टर सोडवतील, तुमच्या चित्रकलेच्या बाई नव्हेत.

खरं सांगायचंय ते पुढेच. काल सुया लावून पडले होते. पिशवीत फोन वाजायला लागला. बाबाच असणार. अंगभर सुया, उठता येईना. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. जरा भीती वाटली. मग एकदम असा संताप आला की तो फोन खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला. ताई, मी चक्क ओरडले. त्या शांत खोलीत. बाईंनी येऊन सुया काढल्या आणि विचारलं, एवढा राग कोणाचा आलाय. मी पटकन तुझं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, मग मला सांगून काय उपयोग, तिला सांगा.

(बाबांना टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता. त्यांच्या उशीखालीच होता.)

तर सांगते. वेळापत्रक मी लावणार नाही. बाबांना आजार झाल्यापासून मी काम सोडून घरी बसले आणि तू मला सूचना पाठवतेस. मला सूचना नकोत. परीक्षा संपल्या की बाबांना तुझ्याकडे घेऊन जा.

याउपर लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

मुंगी


१५ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून अंगाची आग झाली. तुझ्या भावजींना तावातावाने वाचून दाखवलं. वाटलं, ते माझी बाजू घेतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, यात खोटं काय लिहिलंय? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

घरात जिना आहे, मुलांना वेगळी खोली नाही, दिवसभर आम्ही दोघं बाहेर. ही सगळी कारणं लिहून काढली होती. मग तो कागद फाडला. मुलं हॉलमध्ये झोपतील. दिवसा एक मदतनीस बाई येतील.

मला राग आलाय आणि मी येतेय, दोन्ही एकदमच. पुढच्या शनिवारी पोचते. बाबांची बॅग भरून ठेव. गोळ्यांचं मला कळत नाही, त्यात पुन्हा पडणार नाही.

ताई


३० एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबा तुला दर पाच मिनिटांनी हाक मारतात, मदतनीस बाईंशी भांडतात, तुझी झोप होत नाही आणि तू वर्गात मुलांवर खेकसतेस, हे वाचून वाईट वाटलं. थोडं हसूही आलं, माफ कर.

मी नाटक कंपनीत परत रुजू झाले आहे. सेनापतीचा झगा उसवलाय, तो हातात आहे. बरी झाले असं नाही. काही सकाळी अजूनही उठवत नाही. सुयांनी झोप जरा बरी लागते. ती सुयांनी लागते की कोणी हाक मारत नाही म्हणून, ते बाईंनाही सांगता येत नाही, तसं त्या कबूल करतात.

तू विचारलंस, येत्या रविवारी बाबांना आणून सोडू का. दोनदा 'हो' लिहिलं आणि कागद टाकून दिला. ताई, नाही. अजून दोन महिने नाही. त्यानंतरही निम्मं वर्ष तुझ्याकडे, निम्मं माझ्याकडे. बाबा रुसतील, तू चिडशील, मला ठाऊक आहे.

हे पत्र आत्ताच टपालपेटीत टाकून येते, नाहीतर मन बदलायचं.

हवं तेवढं चिड, पण माझीच राहा.

तुझी,
मुंगी