ताईची शेवटची फाइल

१२ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय भावोजी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला कमी आहे. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत, म्हणजे दुखतच आहेत. मेल सोडून ही कागदावर का उतरली, असं वाटलं असेल. मेल तुम्ही ताईला मोठ्यानं वाचून दाखवता. पत्र मात्र खालच्या पेटीतून तुम्हीच काढणार, म्हणून.

आधी कामाचं. ताई मेलला जोडून पाठवते त्या फायलींसाठी तुम्ही सांगितलेलं सगळं करून पाहिलं. फाइल आधी उतरवून घेतली, फॉन्ट बदलला, दुसऱ्या पत्त्यावर मागवली. पडद्यावर तेच. चौकोन, प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं. तुम्ही फोनवर म्हणालात, "मशीन नव्हे, मेहुणीबाई, तुम्हीच जुन्या झालात!" मी म्हटलं, "आणि तुम्ही काय कालच खोक्यातून काढलेत?" किती दिवसांनी हसलो आपण.

शेवटी सगळ्या फायली आमच्या वाचनालयात नेल्या. तिथले संगणक बघणारे गृहस्थ मशीनला कान लावून बसतात, म्हणून आम्ही त्यांना 'डॉक्टर' म्हणतो. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा आकडा साठवतो. तुमच्या जुन्या मशीनवर 'क'चा जो आकडा, तो आमच्याकडे भलत्याच अक्षराचा. "निरोप पूर्ण पोचलाय, बाई. वाचायची किल्ली तेवढी वेगळी." त्यांनी किल्ली जुळवली, आणि उन्हाळ्यापासून अडकलेल्या फायली एकेक करून उघडायला लागल्या.

काय सांगू तुम्हाला! पहिलीच ओळ, "ठमे, एवढी घोडी झालीस तरी तुला फाइल उघडता येईना?" ताई शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. शाळेतल्या शिवणाच्या तासाबद्दल तिनं लिहिलं होतं. कॉन्व्हेंटच्या त्या लांब बाकाखाली ती माझी टीप घालून द्यायची, आणि मदरच्या बुटांची करकर ऐकू आली की सुई गुपचूप माझ्या हातात परत यायची. मी तर हे विसरूनच गेले होते. मदर माझ्या कामाचं कौतुक करायची तेव्हा ताई मान खाली घालून हसायची. डॉक्टरांसमोरच मी रुमाल काढला.

मग शेवटची फाइल. हे लिहिताना मी मध्येच उठून चहा टाकला, पण तोही प्यायला नाही.

भावोजी, तीही उघडली. चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत. शब्द सगळे आपलेच आहेत. पण ते असे, "खिडकी काल वाळत नको गं ठमे पायरीला सांग दुधाची उद्या उद्या निळी." पान भरून असंच. मी म्हटलं, "किल्ली चुकली असेल, परत लावा." त्यांनी परत लावली. मूळ फाइलही तपासली. "अक्षर न् अक्षर शाबूत आहे, बाई," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मी आणखी एकदा लावायला सांगितलं. बिचाऱ्यांनी निमूटपणे लावली.

तुम्ही नवा संगणक घ्यायचं म्हणताय. नका घेऊ. तुमच्याकडच्या मशीनवर ती फाइल पहिल्यापासून नीट दिसत असणार, हो ना? तुम्ही वाचली असणार. हल्ली ताईला फोनवर काही विचारलं की उत्तर तुम्ही देता. मला वाटायचं, तुमची सवयच ती. मी रागावलेली नाही. तुमच्या जागी मीही मशीनलाच दोष दिला असता. दिलाच की, वाचनालयात बसून.

पण रविवारी तुम्ही खाली गेला असाल, फोन तिनंच उचलला.

"वाचलंस?"

"वाचलं, ताई."

शब्द हाताशी येईना तशी ती नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "मग? हो... की नाही?"

'काय विचारलं होतंस गं?' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तसं विचारलं असतं तर तिला सगळं कळलं असतं. मी म्हटलं, "हो."

"नक्की?"

"नक्की गं."

"सुटले बाई," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून ते पान माझ्या उशाशी आहे. उलटं वाचते, एक शब्द सोडून एक वाचते. तिच्या मागे काही सांभाळायचं आहे का? तुमच्याकडे बघायचं? की नुसतं तिकडे येऊन राहायचं? माझे पाय हे असे, आणि ह्यांना एकटं टाकून मी येऊ तरी कशी? पण येणारच नाही, असंही आता म्हणता येत नाही.

तिला दवाखान्यात न्या, भावोजी, ह्याच आठवड्यात. काय झालंय ते मला मेलवर लिहू नका, फोन करा. आणि ती फाइल लिहीत होती तेव्हा तुम्ही खोलीत असाल तर आठवून बघा. मध्येच काही बोलली का, कुणाचं नाव घेतलं का, रडली का? एवढंसं काही असलं तरी सांगा. मी तिला शब्द दिलाय, आणि तो कशाचा, ते मला माहीत नाही.

'हो' म्हणून बसलेली,
तुमची मेहुणी