दवाखान्यात माणसांचा काटा बसवण्याबाबत

मी, केसर तुळशीराम म्हात्रे, वय तेवीस, अविवाहित, राहणार धाकटे खार, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवते. दिवाळीपूर्वी लिहिलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात एक खोटे विधान आहे. ‘सरकारी डॉक्टरांनी माझी आई सोनूबाई हिला प्रकृतीबद्दल काहीच सांगितले नाही,’ असे मी लिहिले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती.

अक्षरे मला बाबांनी घरीच शिकवली, म्हणून घरातले कागद मी वाचते. चिठ्ठीत होते: लघवीत साखर आहे, वजन फार आहे, भात-गूळ कमी करा, दर महिन्याला वजन करा. अंगणात बायका बसल्या होत्या. आईला लाज वाटेल म्हणून वजनाचे मी वाचलेच नाही. पुढच्या वर्षी तिच्या पायाची जखम भरेना, तेव्हा सांगितले. हा दोष माझा.

दवाखान्यात तान्ह्या मुलांचा काटा तेवढा होता. कंपाउंडर म्हणाला, “रोडक्या पोरांचा तक्ता हाय आमच्याकडं. जाड्यांचा रकाना सरकारनं छापलाच न्हाय.” म्हणून आई मिठागरातल्या काट्यावर उभी राहिली. तोलणारा बुधाजी ओरडला, “सोनूबाय, दोन गोनी एकदम चढल्या गो!” मिठाच्या खळ्यावरचे सगळे हसले. त्यानंतर ती कुठल्याच काट्यावर चढली नाही आणि दीड वर्षात वारली.

आता माझ्या पित्ताशयात खडे आहेत. अंगावर चरबी फार असल्याने भूल देणे धोक्याचे आहे, असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. शस्त्रक्रिया गुरुवारी, ७ फेब्रुवारीला आहे. माझ्या मागे धाकटी बहीण गोदू राहील. ती अकरा वर्षांची आहे, चार पायऱ्या चढली की धापा टाकते, आणि तिचे वजन किती ते कोणालाच ठाऊक नाही. तिच्यासाठी हे सारे लिहिते.

१. आईच्या सोन्याच्या पाटल्या माझ्या नावे आहेत. त्या विकून मोठ्या माणसांचा उभा काटा घ्यावा व आमच्या गावच्या दवाखान्याला द्यावा. काट्यापुढे पडदा असावा. आकडा ज्याचा त्याला हळू सांगावा. सरकार मिठाची गोणी न् गोणी तोलते, शाळेत दूधभुकटी धाडते. ते योग्यच आहे. पण जास्त खाऊन आजारी पडणारे माणूसही सरकारचेच आहे. वर्षभरात काटा स्वीकारला नाही, तर तो आमच्या पडवीत ठेवावा.

२. शिवणयंत्र गोदूला. तिने पायाने चालवावे, हाताने नव्हे.

३. भाताचा मोठा टोप गावाला लग्नकार्यासाठी द्यावा. घरात तो पुन्हा चुलीवर चढवू नये.

४. नीराआत्यास माझी सर्वांत लहान पळी. “खाऊ दे गो, बाळसं हाय पोरीचं,” असे म्हणून ती गोदूच्या ताटात तिसऱ्यांदा वाढते. आत्याच्या मायेबद्दल शंका नाही. पळीबद्दल आहे.

५. घर बाबांचे आहे, त्यावर माझा हक्क नाही. बाबा, मी तुमच्यावर रागावलेली नाही. माझ्या बाराव्याला गोदूला कोणी आग्रह करू नये, एवढे मात्र पाहा.

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम बुधाजीला बोलावले. वरचा मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, “बोललो व्हतो, बाय. नाव खोडू नको माझा.”

साक्षीदार: १. बुधाजी धर्मा पाटील (अंगठा) २. आवडाबाई कान्हा ठाकूर, सुईण (अंगठा)

सही: केसर तुळशीराम म्हात्रे
मुक्काम धाकटे खार, दिनांक ३० जानेवारी १९६३

अंगठे उठवून झाल्यावर आवडाबाई म्हणाली, “आदी बरी होऊन ये. मंग कर तुझा सरकार-दरबार.” पण भुलीतून उठेन की नाही हे ती सांगू शकत नाही, मीही नाही. म्हणून मजकूर पुढे वाढवते: काट्याचा अर्ज मी शस्त्रक्रियेआधीच, गोदूला सोबत घेऊन, अलिबागला पंचायत समितीच्या सभेत स्वतः देईन. सोमवार, दिनांक ४ फेब्रुवारी १९६३, सकाळी अकरा वाजता.