चौथी क्लिप

नाना, परवा वारूळवाडीचा एक द्राक्षबागायतदार नवीकोरी टर्बो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, बोनेटखाली बर्फाची पिशवी बांधली तर पळंल का जरा?" मी हसलो नाही. तुमच्या गॅरेजात गिऱ्हाइकाला हसायची पद्धत नव्हती, तेवढी मी पाळतो. त्याला तुमच्याच शब्दांत सांगितलं, की सायकलला हवा भरताना पंप बुडाशी तापतो, तसंच टर्बोचं. हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते आणि विरळ हवेवर इंजिन अर्धपोटी राहतं. म्हणून इंजिनात जायच्या आधी तिला इंटरकूलरच्या जाळीतून फिरवून वाऱ्यावर गार करायचं. बर्फ काय, मंचर यायच्या आत संपेल. मग त्यानं मोबाइलवर कसली कसली पाणी मारायची यंत्रं दाखवली. मी म्हटलं, आधी जाळीतला चिखल धुऊ, मग बघू. गाडी धुऊन तो गेला, आणि माझी सगळी दुपार तुमच्या आठवणीत गेली.

शिनोलीच्या आबांच्या वडाप जीपचा तो उन्हाळा. घोडेगावहून भीमाशंकरकडे माणसं भरून न्यायची, आणि चढाला लागली की गाडी मान टाकायची. "मिस्त्री, दमच न्हाई राहत वो तिच्यात," आबा सांगतायत आणि तुम्ही इंजिन चालू ठेवून इंटरकूलरच्या दोन पाइपांना हात लावताय, एक आत जाणारा, एक बाहेर येणारा. हाताची पालथी बाजू, कारण तळव्याचं केव्हाच चामडं झालेलं. "दोन्ही सारखंच तापल्यात, म्हंजी जाळी काय गार करीना," तुम्ही म्हणता, आणि आतून गोणपाट भिजवून आणून जाळीपुढं बांधता. कुठल्याही उष्णतेवर तुमचं औषध एकच. टोमॅटोची क्रेट असो, पाण्याचा माठ असो नाहीतर ताजा कोबा, त्यावर ओलं गोणपाट. अंगणात उभ्या गाडीचा दुसरा पाइप खरंच गार झाला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की जणू परीक्षा माझीच होती. मी तेव्हा पुण्याहून शिकून नुकताच घरी आलो होतो, जीभ हातापेक्षा लांब होती. आबांच्या देखत बोललो, "नाना, हे उभ्या गाडीचं औषध आहे. पळत्या गाडीचा वारा तुम्ही गोणपाटानं अडवलाय." तुम्ही म्हणालात, "गाडी परवडली, तूच लई तापतो." आबा हसले. दुसऱ्या दिवशी जीप परत आली तेव्हा गोणपाट पापडासारखं वाळलं होतं, धुळीनं भरलं होतं, आणि काटा लालवर. माझं खरं ठरलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता, हेही लिहून टाकतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. आता तू कर, आमी बघतो."

मी मोठा इंटरकूलर आणला आणि बंपरच्या मागं खाली बसवला, म्हणजे रेडिएटरचा वारा अडत नाही. दोन नवे पाइप, त्यांचे जोड आवळायला चार क्लिपा. तुमचा नियम होता की ज्यानं जोड आवळला त्यानंच त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, दुसऱ्याच्या कामावर कधी नाही. तीन क्लिपा तुम्ही आवळल्या, तीन ठिपके दिले. चहाची बशी धरताना तुमचे हात हलायला लागले होते, पण पान्हा हातात आला की थांबायचे. चौथी क्लिप खालच्या अंगाला होती. "राहू द्या, मी करतो," म्हणालो आणि आवळता आवळता आबांना वाऱ्याचं शास्त्र सांगत बसलो. दोन आटे दिले असतील नसतील. ठिपका दिला नाही. बोनेट पाडलं.

तिसऱ्या दिवशी चढावर पाइप निसटला. काळा धूर झाला, ताकद गेली, गाडी जागेवर उभी. सगळी माणसं बोचकी घेऊन उन्हातून चालत गेली. आबा संध्याकाळी आले ते तणतणतच. "मिस्त्री, क्लिप ढिली व्हती. पोटुशी बाई व्हती गाडीत, तिला चालावं लागलं. तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती." तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आबा, नानांचे हात हल्ली थरथरतात." ते खोटंही नव्हतं, म्हणूनच तोंडातून इतक्या सहज निघालं. तुम्ही गाडीपुढं उकिडवे बसलात. तीन ठिकाणी पिवळे ठिपके, चौथ्या ठिकाणी नुसतं पोलाद. त्या क्लिपवरून अंगठा फिरवलात. मग उठून आबांना म्हणालात, "चुकलं माझं." सोमवारी तुम्ही गॅरेजात आला नाहीत. त्यानंतरच्या सोमवारीही नाही.

लोकांना मी सांगायचो, नानांना आता आराम दिलाय. घोडेगावात बातमी पसरायला एक चहा पुरतो. तुमच्या हातात गाडी द्यायची नाही असं कुणी बोललं नाही, पण कुणी दिलीही नाही. जन्मभर कमावलेलं नाव मी एका वाक्यात घालवलं आणि तुम्ही ते घालवू दिलंत. पावसाळा सरल्यावर एकदाच आलात, पिशवी घेऊन. आत वायपरची पाण्याची बाटली, तिची छोटी मोटर आणि मामांच्या बागेतल्या फवारणीचे दोन नोझल. "गोणपाट चुकलं," म्हणालात, "पाणी न्हाई चुकलं." चढाला बटण दाबायचं, जाळीवर धुक्यासारखा फवारा पडतो, वारा अडत नाही आणि वाळता वाळता पाणी उष्णता घेऊन जातं. इतकं साधं, आणि मला सुचलं नव्हतं. आबांना म्हटलं, नानांनी केलंय हे. ते म्हणाले, "बसवणार तू ना? मंग चालंल." तुम्ही बाकावर बसून ऐकत होतात. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. ती जीप मोडीत निघेपर्यंत तो फवारा चालला. तुम्ही कधी विचारलं नाहीत, कधी टोमणा मारला नाहीत. एक मुस्काटात दिली असतीत तर मी सुटलो असतो, नाना. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो आणि मग स्वतःची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आबा आले होते, नातवाची गाडी दाखवायला. आता काठी लागते त्यांना. चहा पिता पिता म्हणाले, "तुझा बाप देवमाणूस. शेवटी हातानं दगा दिला, दुसरं काय." नातू ऐकत होता, दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. मी म्हणालो, "वय झालं होतं, आबा."

तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्हाला सगळं त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि तुम्ही गेलात, आता काही विचारणार नाही. ज्यांना सांगायचं ते आबा शिनोलीत ओट्यावर बसलेले असतात, मोटरसायकलवर चहा गार व्हायच्या आत पोचेन इतकं जवळ. काल तिकडे निघालो होतो. त्यांच्या घरापुढून गाडी न थांबवता पुढं गेलो आणि दुसऱ्या रस्त्यानं परत आलो.